न उकळता पिण्यास योग्य

१ जुलै, पहाटे ५.४०

रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागील रोजनिशी ९ जानेवारीस खंडित झाली. दोष वहीच्या कागदाचा होता, त्यावर शाई फुटत असे. माझ्या निश्चयाचा नव्हता.

वय एकाहत्तर. चौतीस वर्षे शाळेत भाषा शिकविली. गेली सात वर्षे या गल्लीचा प्रमुख आहे. या सात वर्षांत गल्लीच्या सूचनाफलकावर एकही अशुद्ध वाक्य लागलेले नाही. साऱ्या सेमारांग शहरात, किंबहुना साऱ्या जावा बेटावर, अशी दुसरी गल्ली असल्यास ती मला कोणी दाखवावी.

संकल्प: सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, जी गल्ल्यांची स्पर्धा होते तीत पहिला क्रमांक मिळविणे. विषय: पाणी. आमच्या गल्लीची स्वतःची विंधन विहीर आहे. जागा माझ्या परसातली. मीच दान केलेली. वर टाकी, गल्लीच्या तोंडाशी नळ. एकतीस घरे ते पाणी भरतात आणि घरी नेऊन उकळतात. माझा आक्षेप येथेच आहे. चांगल्या पाण्याला रोज उकळणे म्हणजे सज्जनाची रोज झडती घेणे होय.

२ जुलै

सभा. नळावर फलक लावण्याचा प्रस्ताव मांडला: "हे पाणी न उकळता पिण्यास योग्य आहे." मजकूर माझाच. सर्वजण एका सुरात म्हणाले, "इंग्गिह, पाक गुरू." आमच्या भाषेत होकाराचे अनेक प्रकार आहेत, 'इंग्गिह' हा सर्वांत आदराचा. 'पाक गुरू' म्हणजे गुरुजी, अर्थात मी. प्रस्ताव एकमताने मंजूर. चर्चा झाली नाही, गरजच नव्हती.

घरी येऊन वार्सिनीला सांगितले. ती भाजी चिरीत होती. मान वर न करता म्हणाली, "कशावरून?"

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने माझे एकही विधान या प्रश्नावाचून स्वीकारलेले नाही. आज उकडते आहे असे म्हटले तरी "कशावरून?" यापुढे तिच्याशी वाद घालावयाचा नाही.

रात्रौ: पाऊण तास वाद झाला.

५ जुलै, सकाळी ९

आरोग्य केंद्रातून निंग्रुम आली. माझी जुनी विद्यार्थिनी. निबंधात बरी, विरामचिन्हांत बेफिकीर. हल्ली वस्त्यांचे पाणी तपासत हिंडते. तिने एक चिमुकली बाटली काढली, आत कागदाची पट्टी होती. नळाचे पाणी भरून ती मला दिली. दोन दिवस सावलीत ठेवा. पाणी काळे पडले, तर त्यात संडासातली घाण उतरते आहे असे समजा, असे म्हणाली. हे शब्द माझ्या ओट्यावर, माझ्या देखत! मी तिला 'मलजन्य दूषितता' हा शब्दप्रयोग सुचविला. "इंग्गिह, पाक गुरू," म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा संडास म्हणाली.

मग टेप काढून मोजू लागली. विहिरीपासून शौचकूपापर्यंत साडेचार मीटर भरले. (शौचकूप माझा, मागच्या खोल्यांतील चार भाडेकऱ्यांचे मैलानळही त्यातच सोडले आहेत.) नियम दहा मीटरांचा आहे. मी तिला घराला वळसा घालून चालत नेले आणि अंतर अकरा मीटरांहून अधिक असल्याचे दाखवून दिले.

ती म्हणाली, "पाणी वाटेनं चालत नाही हो, पाक गुरू. ते मातीतून सरळ जातं."

शाळेत तर्कशास्त्र शिकवीत नाहीत, त्याचे हे फळ.

७ जुलै

बाटली काळी पडली. दौतीसारखी.

कारणे उघड आहेत. जमिनीतील लोह. बाटलीचा हलका दर्जा. शिवाय वार्सिनीने ती सुक्या मासळीच्या बरणीशेजारी ठेवली होती. वार्सिनी म्हणाली, झाकण घट्ट होते. मी म्हणालो, वास झाकणाला जुमानत नाही. "कशावरून?"

समोरचा जुमादी सायकली दुरुस्त करतो, बोलावल्याशिवाय येतो. त्याने बाटली उजेडात धरली. "पाक गुरू, ही फेकू नका. एवढ्या शाईत तुमची उरलेली सगळी रोजनिशी लिहून होईल." यावर गल्ली हसली. या माणसाला मी रोजनिशीविषयी कधी सांगितले, ते आठवत नाही.

१२ जुलै

आरोग्य केंद्रात जाऊन निंग्रुमला बजावले की खेळण्यातली चाचणी मला मान्य नाही. शहराच्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा. तिला आनंदच झाला. निर्जंतुक बाटली दिली आणि नमुना घेण्याची रीत कागदावर लिहून दिली. (शुद्धलेखनाच्या तीन चुका. दुरुस्त करून कागद परत केला. रीत पाठ आहे.) पेटत्या बोळ्याने नळाचे तोंड भाजून घ्यावे, दोन मिनिटे पाणी वाहू द्यावे, मग बाटली भरावी. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवावी.

"पण तुम्ही घेऊ नका, मी येते," असे ती तीनदा म्हणाली. खालच्या वस्तीत डेंग्यू निघाल्याने तिला आठवडाभर सवड नाही. स्पर्धेची नोंदणी अठरा तारखेस बंद होते. मी होकार दिला. होकार देणे आणि थांबणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

१४ जुलै, सकाळी ७.१५

नमुना घेतला.

निंग्रुमच्या रीतीचा गाभा मी ध्यानी घेतला: अग्नी. नळाचे नुसते तोंड जर अग्नीने शुद्ध करावयाचे, तर त्यातून येणाऱ्या पाण्याला त्यापासून वंचित का ठेवावे? शिवाय आमच्याकडे पाहुण्यापुढे कच्चे पाणी ठेवीत नाहीत. ठेवले तर तो मनात म्हणतो, या घरी आपली किंमत नाही. येथे तर गल्लीचे पाणी प्रथमच सरकारी कचेरीत जाणार. तेव्हा शिष्टाचारास अनुसरून, वार्सिनीने पहाटे उकळून निवत ठेवलेल्या किटलीतले पाणी बाटलीत भरले. पाणी आपल्याच नळाचे. छायाचित्र काढावयास नेण्यापूर्वी आपण मुलाला आंघोळ घालतो. त्यामुळे मूल काही दुसऱ्याचे होत नाही.

वार्सिनी बाजारात गेली होती. तिला सांगितले नाही. तिने आपला प्रश्न विचारला असता आणि सहा तासांची मुदत तेथेच संपली असती.

सरबतवाल्याकडून बर्फ घेतला. बाटली जेवणाच्या डब्यात, डबा सायकलला. ८.५० ला पोचलो. खिडकीवरच्या माणसाने विचारले, "रीतसर घेतलाय ना?" मी म्हणालो, रीतीपेक्षा अधिक काळजीने.

२२ जुलै

शून्य!

अहवालावर शिक्का, सही, आणि ज्या जिवाणूमुळे एवढा गहजब माजला त्याच्यापुढे स्पष्ट अक्षरांत शून्य. नोंदणीच्या वेळी 'अहवाल मागाहून' असे लिहिले होते. आज प्रत नेऊन दिली.

वार्सिनीला वाचून दाखविला. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, स्वतः वाचला. बोट फिरवून पुन्हा वाचला. मी तिच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. तो आला नाही. म्हणाली, "आकडा आहे, शिक्का आहे. मग खरंच असणार. मी आपली इतकी वर्षं उगाच उकळत बसले."

एक्केचाळीस वर्षे. आजचा दिवस लाल शाईने अधोरेखित केला आहे.

२४ जुलै

वार्सिनीने पाणी उकळणे बंद केले. गल्लीप्रमुखाच्या चुलीवर किटली दिसता कामा नये, हे मी तिला समजावून सांगितले होते. फार समजवावे लागले नाही. किटली घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवली, माझ्या निवृत्तीच्या मानचिन्हाशेजारी.

मला स्वतःला काही बदल करावा लागला नाही. मी दिवसभर चहाच पितो, आणि चहा उकळल्यावाचून होत नाही, याला माझा नाइलाज आहे.

३० जुलै

फलक लागला. अक्षरे निळी, पार्श्वभूमी पांढरी.

घरोघरी फिरून विचारले: आता उकळत नाही ना? एकतीस घरांत एकच उत्तर: "इंग्गिह, पाक गुरू." जुमादीच्या चुलीवर मात्र भले मोठे पातेले खदखदत होते. मी पाहतो आहे असे दिसताच म्हणाला, "पाय शेकायला, पाक गुरू. गुडघे धरलेत." त्याची बायको आत तोंडावर हात धरून उभी होती. बहुधा दाढ दुखत असावी.

१७ ऑगस्ट

ध्वजवंदन, पोत्यांच्या शर्यती, पिवळ्या भाताचा मनोरा, सर्व यथासांग. परीक्षक तिघे. मी फलकाखाली उभा राहून बारा मिनिटे बोललो, नळाखाली पेला धरला आणि सर्वांसमोर अर्धा प्यालो. टाळ्या.

एकच उणीव. स्वयंसेवकांनी परीक्षकांपुढे बाजारातल्या बंद पाण्याचे प्लास्टिकचे पेले ठेवले आणि परीक्षक तेच काडी खुपसून प्याले. मी नळाकडे बोट दाखविले. एक परीक्षक म्हणाला, "इंग्गिह, इंग्गिह, अहवाल पाहिलाय ना आम्ही." अहवालावर इतका विश्वास, ही आपल्या देशाच्या प्रगतीची खूण होय.

१९ ऑगस्ट

सात वेळा.

२० ऑगस्ट

पाच वेळा. कारण सापडले: पलीकडच्या गाडीवाल्या इबू (म्हणजे बाई) लास्मीची शेंगदाण्याची चटणी. मनोऱ्याबरोबर तीच होती. तिच्या गाडीवर जाऊन स्वच्छतेविषयी चार शब्द सुनावले. ती बाई पळी आपटून म्हणाली, "माझ्या चटणीनं वीस वर्षांत कुणाचं पोट बिघडलं नाही, पाक गुरू! आणि पाणी म्हणाल तर मी उकळल्याशिवाय थेंब वापरत नाही—" येथे ती थबकली. मग म्हणाली, "वापरत नव्हते."

क्रियापदाचा काळ आपण होऊन सुधारला. अशिक्षित बाई, पण कान तयार आहे.

२६ ऑगस्ट

स्पर्धेचा निकाल. आम्हांस उत्तेजनार्थ. पहिला क्रमांक ज्या गल्लीला मिळाला तिने भिंतींवर फुलपाखरे रंगविली आहेत. वार्सिनी म्हणाली, "जाऊ द्या हो. पाणी तर चांगलं झालं ना? तेच बक्षीस." पेलाभर पाणी प्यायली. तहान तिला फार लागते. उन्हाळी तक्रार आहे.

४ सप्टेंबर

वार्सिनीला ताप. अंगात वारे शिरले आहे. लास्मीने येऊन तिच्या पाठीवर तेल लावून नाण्याने ओरखडे काढले. लाल वळ उठले. लाल उठले की वारे निघाले. दोन दिवसांत उठेल.

७ सप्टेंबर

ताप उतरत नाही. संध्याकाळी अधिक. वर्तमानपत्रात वाचले की तापात द्रव पदार्थ भरपूर द्यावेत. दिवसाला आठ पेले पाणी, असा नियम केला. वेळापत्रक करून उशाशी लावले. पेले मी स्वतः नळावरून ताजे भरून आणतो. ती नको म्हणते. मी मानेखाली हात घालून पाजतो. संसारात मी तिची सेवा केली नाही असे कोणी म्हणू नये.

आज आठही पेले झाले.

१० सप्टेंबर, दुपारी ३

ती भिंतीशी बोलू लागली. जुमादीने शेजाऱ्याची गाडी आणली, विचारले नाही, उचलून ठेवले. रुग्णालय.

विषमज्वर. डॉक्टर तरुण आहे, उभा राहूनच बोलतो. "पाणी उकळून पिता का?" मी खिशातून अहवालाची प्रत काढून त्याला दिली. त्याने ती वाचली, घडी केली आणि माझ्या खिशात परत ठेवली. मग परिचारिकेला काहीतरी सांगितले. व्याकरण अस्पष्ट होते.

११ सप्टेंबर

निंग्रुम रुग्णालयात आली. हातात केळी. जुमादी खिडकीशी होता. तिने वार्सिनीचा हात हाती घेतला आणि मला हळूच विचारले, "पाक गुरू, तो नमुना तुम्ही कसा घेतला होता?"

मी क्रमवार सांगितले. अग्नीचा विचार, पाहुण्याचा शिष्टाचार, किटली, बर्फ, वेळ. कोठेही अडखळलो नाही.

जुमादी फिस्सकन हसला. मग त्याचे लक्ष खाटेकडे गेले आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

वार्सिनी जागी आहे, हे मला ठाऊक नव्हते. तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे, एखादा कागद पुन्हा वाचावा तसे. मग ते मिटून घेतले.

निंग्रुम म्हणाली, "उकळलेलं पाणी तपासलं, पाक गुरू. आणि न उकळलेलं प्यायला दिलं." वाक्य निर्दोष होते.

१३ सप्टेंबर

निंग्रुमने काल गल्लीतली घरे पालथी घातली. आणखी किती जण आजारी पडणार, हे तिला पाहावयाचे होते. मला वाटले होते, निदान पंधरा-वीस. तसे काही निघते, तर दोष पाण्याचा ठरला असता. एकट्या माझा नव्हे. हे वाक्य खोडावयाचे आहे.

एकही नाही. एकतीस घरांपैकी एकाही घराने उकळणे कधी थांबविलेच नव्हते. लास्मी उकळत होती. जुमादी उकळत होता. भाडेकरू उकळत होते. फलक लागला त्या दिवशीही उकळत होते. निंग्रुमने त्यांना विचारले, मग पाक गुरूंना सांगितले का नाही? जुमादी म्हणाला, "एवढे वयस्कर गृहस्थ, एवढ्या हौसेनं सांगत होते. त्यांचं मन कशाला मोडायचं?"

निंग्रुमच्या कागदावर 'कच्चे पाणी पिणारी घरे' या रकान्यात आकडा एक आहे. 'माणसे' या रकान्यातही एक.

१५ सप्टेंबर

आतड्यातून रक्त. तिला दुसऱ्या खोलीत हलविले. तेथे मला जाऊ देत नाहीत.

१६ सप्टेंबर

काही नाही.

१७ सप्टेंबर, सायंकाळी ६

डॉक्टर म्हणाला, रक्त थांबले आहे, बघू. 'बघू' हे वाक्य अपूर्ण आहे. कर्म कोणते, हे मी त्याला विचारले नाही.

घरी कपडे आणावयास गेलो. ओट्यावर नळाचा फलक होता. कोणीतरी उतरवून, ओल्या फडक्याने पुसून, अक्षरे खाली करून ठेवला होता. शेजारी झाकलेले ताट आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. बाटली अजून कोमट होती. कोणाची, ते विचारावयास बाहेर आलो, तर सगळी दारे उघडी होती आणि सर्वजण माझ्याशी फार चांगले वागले.

२५ सप्टेंबर

तिला घरी आणले. वजन नऊ किलोंनी कमी. जिना नाही, हे बरे.

२६ सप्टेंबर, सकाळी ८

नवा आरंभ. खचून जाणे मला मान्य नाही. चूक पद्धतीत होती, ध्येयात नव्हती. संकल्प: शौचकूप हलविणे. विहीर अधिक खोल नेणे. टाकी धुणे. त्यानंतर नमुना निंग्रुमच्या हस्ते, नळातून, रीतसर. पुढील सतरा ऑगस्टपर्यंत आमच्या गल्लीचे पाणी खरोखरच न उकळता पिण्यास योग्य होईल. फलक जपून ठेवला आहे. मजकुरात बदल करण्याचे कारण दिसत नाही.

वार्सिनी भिंत धरून स्वयंपाकघरात आली होती. तिला बसविले आणि सारे सविस्तर सांगितले. ती ऐकत होती. मध्येच उठली, काचेचे कपाट उघडले, किटली काढली, विसळली, भरली. एका हाताने उचलेना, म्हणून दोन्ही हातांनी चुलीवर ठेवली.

मी बोलणे पूर्ण केले आणि थांबलो. तिचा प्रश्न यावयाचा होता. या खेपेस उत्तर माझ्यापाशी तयार होते. मुद्देसूद, पाच भागांत.

पाण्याला आधण आले. तिने आच मंद केली.

"इंग्गिह, पाक गुरू," ती म्हणाली.